सुरक्षा संशोधकावर विश्वास ठेवावा का? आधी दावा तपासा, मग माणूस

काही वर्षांपूर्वी आमच्या कंपनीच्या सपोर्टच्या पत्त्यावर एक मेल आला. मोडकंतोडकं इंग्रजी. पहिल्या ओळीत ‘गंभीर बग सापडला आहे’, दुसऱ्या ओळीत बक्षीस किती देणार, आणि शेवटी दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर ट्विटरवर टाकीन अशी धमकीवजा सूचना. असले मेल आठवड्याला पाच-सहा तरी यायचे. मी वरवर नजर फिरवली आणि ‘आणखी एक पैसे उकळणारा’ म्हणून बाजूला टाकला.

सहा आठवड्यांनी एका ग्राहकाचा फोन आला. पावती उघडताना ब्राउझरच्या पत्त्यातला शेवटचा आकडा त्यांच्या हातून चुकून बदलला, आणि समोर भलत्याच माणसाची पावती आली, नाव-पत्ता-फोन नंबरासकट. मी तो जुना मेल शोधून काढला. मधल्या परिच्छेदात हेच लिहिलं होतं, पत्त्यातला कोणता आकडा बदलायचा त्यासकट.

हेतू ओळखण्यात मी चुकलो नव्हतो. त्याला पैसेच हवे होते. पण हेतू कळला म्हणून मी दावा वाचलाच नाही, आणि तिथे फसलो. उलट बाजूनेही लोक असेच फसतात: नाव मोठं, कंपनी मोठी, परिषदेत टाळ्या पडल्या, म्हणून दावा खरा. तेव्हापासून कुणा सुरक्षा संशोधकाचा, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी शोधून कळवणाऱ्याचा, अहवाल आला की मी एक क्रम पाळतो. आधी दावा, मग पुरावा, मग माणूस, आणि हेतू सगळ्यात शेवटी. ऑफिसात सुरक्षेचं काम तुमच्याकडे असेल, तुम्ही बातमी लिहीत असाल किंवा ‘ताबडतोब हे ॲप काढून टाका’ असा मेसेज कुणी पाठवला असेल, तरी क्रम हाच.

१. दावा चार ओळींत स्वतःच्या शब्दांत लिहा

मूळ अहवाल उघडा. बातमी नको, अहवालच. मग कागदावर चार ओळी लिहा: कोणतं उत्पादन आणि कोणती आवृत्ती, हल्ला करणाऱ्याकडे आधीपासून काय असावं लागतं, हल्ला यशस्वी झाला तर त्याला नेमकं काय मिळतं, दुरुस्ती उपलब्ध आहे का.

दुसरी ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि अहवालात नेमकी तीच कुठेतरी तळटीपेत लपलेली असते. १३ मार्च २०१८ रोजी सीटीएस लॅब्स नावाच्या एका इस्रायली कंपनीने एएमडी या चिप कंपनीच्या प्रोसेसरांमध्ये १३ त्रुटी असल्याचं जाहीर केलं. रायझनफॉल, मास्टरकी अशी भारदस्त नावं, स्वतंत्र वेबसाइट, व्हिडिओ, सगळा थाट होता. पण दुसरी ओळ लिहायला बसलं की कळायचं, की या त्रुटी वापरायला मशीनवर आधीच ॲडमिनचे अधिकार हवेत. म्हणून त्रुटी खोट्या ठरत नाहीत. एकदा आत शिरलेल्या चोराला विंडोज पुन्हा टाकल्यावरही ठाण मांडून बसता येणं ही गंभीरच गोष्ट आहे. पण ‘कुणीही, कुठूनही तुमचं मशीन ताब्यात घेईल’ यापेक्षा ती फार वेगळी आहे.

शब्दांकडेही लक्ष द्या. मार्च २०२५ मध्ये टारलॉजिक या स्पॅनिश कंपनीने ईएसपी३२ या चिपमध्ये ‘बॅकडोअर’, म्हणजे गुपचूप आत शिरायचं मागचं दार, सापडल्याचं जाहीर केलं. ही चिप एक अब्जाहून जास्त संख्येने विकली गेलेली, स्वस्तातल्या असंख्य उपकरणांत बसवलेली, त्यामुळे खळबळ माजली. प्रत्यक्षात सापडल्या होत्या कागदपत्रांत न नोंदवलेल्या २९ कमांड. त्या द्यायला त्या उपकरणाच्या सॉफ्टवेअरवर आधीच ताबा हवा. म्हणजे या मागच्या दाराची कडी घराच्या आतून उघडायची! टीका झाल्यावर कंपनीने स्वतःच शब्द बदलून ‘लपलेली सुविधा’ असं म्हटलं. संशोधन खोटं नव्हतं, मथळा फुगवलेला होता. ‘बॅकडोअर’, ‘सर्व उपकरणं’, ‘पूर्ण ताबा’ असे शब्द दिसले की मी त्यांच्याखाली रेघ मारतो आणि अहवालात त्यांना आधार कुठे आहे ते शोधतो. आधार नसला तर तो शब्द खोडून उरलेलं वाचतो.

२. दुसऱ्या कुणाला हे करून बघता येईल का?

चांगला अहवाल कसा असतो ते बघायचं असेल तर २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी ओएसएस-सिक्युरिटी या सुरक्षाविषयक मेलिंग लिस्टवर पाठवलेला मेल बघा. ते डेटाबेसवर काम करणारे इंजिनिअर. एसएसएचने (दूरच्या मशीनवर जायच्या सुरक्षित पद्धतीने) लॉगिन करायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, एवढ्यावरून ते खणत गेले आणि एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत मुद्दाम घुसवलेलं मागचं दार त्यांना सापडलं. मेलमध्ये आधीची वेळ ०.२९९ सेकंद, नंतरची ०.८०७ सेकंद, कोणत्या आवृत्त्या बाधित (५.६.० आणि ५.६.१), कोणती फाइल बघायची, सगळं दिलेलं. शिवाय एक कबुली: मी सुरक्षा संशोधक नाही. काय तपासलं आणि काय नाही हेही स्पष्ट. वाचणाऱ्याने फ्रॉइंड यांच्यावर विश्वास ठेवण्याची गरजच नव्हती, ज्याने त्याने आपल्या मशीनवर बघावं.

म्हणून हे तपासा: नेमक्या आवृत्त्या दिल्या आहेत का, करून बघण्याच्या पायऱ्या आहेत का, संशोधकाने कोणत्या मशीनवर तपासलं ते लिहिलंय का. शेवटचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण २०१९ च्या जुलैत व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरचं काय झालं ते बघा. गंभीर त्रुटी, गंभीरतेचे गुण १० पैकी ९.८, जर्मनीच्या सरकारी संस्थेचा इशारा, ‘व्हीएलसी काढून टाका’ अशा बातम्या. तो प्लेअर बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या लोकांनी तपासलं तर त्यांच्याकडे ते घडेचना. ज्याने बग नोंदवला त्याच्या मशीनवर उबुंटू या ऑपरेटिंग सिस्टिमची जुनी आवृत्ती होती आणि तिच्यात एका बाहेरच्या लायब्ररीची जुनी आवृत्ती. ती त्रुटी त्या लायब्ररीत १६ महिन्यांपूर्वीच दुरुस्त झालेली होती! इथे कुणी लबाडी केली नाही, वाईट हेतूही दिसत नाही. बातमी देण्याआधी कुणी करून बघितलं नाही, इतकंच.

मात्र ‘करून बघा’ याचा अर्थ मिळालेला कोड आपल्या रोजच्या मशीनवर चालवा असा नाही. जानेवारी २०२१ मध्ये गूगलने एक प्रकरण उघड केलं. उत्तर कोरियाशी संबंधित हल्लेखोरांनी स्वतःच सुरक्षा संशोधक असल्याचं सोंग घेतलं होतं. ट्विटरवर खाती, लेख, एक्स्प्लॉइट (त्रुटीचा गैरफायदा घेणारा कोड) चालतानाचा व्हिडिओसुद्धा. व्हिडिओ बनावट आहे असं लोक म्हणू लागल्यावर त्यांच्याच दुसऱ्या खात्याने ‘बनावट नाही’ अशी ग्वाही दिली. मग खऱ्या संशोधकांना ‘आपण मिळून काम करू’ म्हणत ते व्हिज्युअल स्टुडिओ या कोड लिहायच्या साधनाचा प्रोजेक्ट पाठवायचे. तो बिल्ड केला की आतला मालवेअर चालू. त्यामुळे कोड चालवायचाच असेल तर वेगळ्या, नेटवर्कपासून तोडलेल्या मशीनवर. आणि व्हिडिओ हा पुरावा म्हणून कधीच धरू नका.

३. सीव्हीई नंबर म्हणजे प्रमाणपत्र नव्हे

‘सीव्हीई मिळाला आहे’ हे वाक्य खूप जण तुरा खोवल्यासारखं वापरतात. तो फक्त माहीत झालेल्या त्रुटींच्या जाहीर यादीतला नोंदीचा क्रमांक आहे, आणि शेजारी छापलेला गंभीरतेचा आकडा बऱ्याचदा अशा माणसाने दिलेला असतो ज्याने ते सॉफ्टवेअर कधी चालवलेलंही नसतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कर्ल या इंटरनेटवरून माहिती आणणाऱ्या टूलच्या एका जुन्या बगला सीव्हीई-२०२०-१९९०९ हा नंबर आणि ९.८ गुण मिळाले. बग काय होता? पुन्हा प्रयत्न करण्याआधी किती सेकंद थांबायचं याचा आकडा वापरणाऱ्याने अवाच्या सवा मोठा दिला तर हिशेब चुकायचा आणि भलताच वेळ लागायचा. तो २०१९ मध्येच दुरुस्त झाला होता. कर्लच्या लोकांनी आरडाओरडा केल्यावर गुण ३.३ वर आले. आकडा बघा, पण पहिल्या पायरीतल्या चार ओळींशी ताडून बघा. जुळत नसेल तर ओळी प्रमाण.

४. आता माणूस

पदवी, पद, सोशल मीडियावर मागे किती लोक आहेत, यांना मी फारसं महत्त्व देत नाही. दोन गोष्टी बघतो: आधीचे दावे काळाच्या ओघात टिकले का, आणि चुकला तेव्हा काय केलं. जुन्या अहवालाखाली ‘दुरुस्ती: मी अमुक चुकीचं लिहिलं होतं’ अशी ओळ असलेला माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. ज्याच्या दहा वर्षांच्या कामात एकही दुरुस्ती नाही तो एकतर देवमाणूस, नाहीतर गुपचूप पानं बदलणारा.

नामांकित माणूसही प्रामाणिकपणे चुकू शकतो. २०१३ मध्ये ड्रॅगोस रुईउ या ज्येष्ठ संशोधकाने ‘बॅडबायोस’ नावाच्या मालवेअरबद्दल सांगितलं. ते बायोसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या मुळातल्या सॉफ्टवेअरमध्ये) घर करतं आणि नेटवर्क तोडलं तरी स्पीकर-मायक्रोफोनच्या आवाजातून दुसऱ्या मशीनशी बोलतं, असं त्यांचं म्हणणं. माणूस ‘पोन टू ओन’ ही हॅकिंगची प्रसिद्ध स्पर्धा सुरू करणारा, त्यामुळे लोकांनी ते मन लावून ऐकलं. त्यांनी दिलेल्या फाइल इतरांनी तपासल्या, कुणालाच वावगं काही सापडलं नाही. इथे पैसा नव्हता, खोटेपणाचा संशय घ्यायलाही फारशी जागा नव्हती. पण दावा काही सिद्ध झाला नाही.

आणि डागाळलेला माणूस खरं काम करतोच. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या मालवेअरचा फैलाव थांबवणारं डोमेन नोंदवलं ते मार्कस हचिन्स यांनी. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांना अमेरिकेत अटक झाली. पूर्वी बँकांची माहिती चोरणारा मालवेअर लिहिल्याचं त्यांनी २०१९ मध्ये कबूलही केलं. म्हणून वॉनाक्राय थांबलं नव्हतं असं होत नाही.

५. पैसा कुठून येतो?

आता हेतू. सुरक्षा संशोधक म्हणजे संन्यासी नव्हे. कुणी पगारावर असतो, कुणी बाउंटीवर (त्रुटी कळवल्याबद्दल कंपनी देते त्या बक्षिसावर), कुणाला उत्पादन विकायचंय, कुणाला परिषदेत जागा हवी, कुणाला पीएचडी पुरी करायचीय. यात लाजिरवाणं काही नाही. प्रश्न एवढाच की त्या हेतूमुळे अहवाल कोणत्या दिशेने झुकेल.

बाउंटीवर जगणारा गंभीरता वाढवून सांगेल, कारण पैसे गंभीरतेवर मिळतात. परिषदेसाठी लिहिणारा नाव आणि लोगो आणेल, आणि तारीख परिषदेला जुळवून घेईल. उत्पादन विकणाऱ्याच्या अहवालात रोग खरा असू शकतो, औषध मात्र नेमकं त्याच्याच दुकानात मिळतं. ऑगस्ट २०१४ मध्ये होल्ड सिक्युरिटी कंपनीने रशियन टोळीकडे १.२ अब्ज लॉगिन-पासवर्ड असल्याचं जाहीर केलं, आणि पाठोपाठ तुमची साइट त्यात आहे का हे कळवणारी वर्षाला १२० डॉलरची सेवा पुढे केली. अशा वेळी अहवालातला ‘उपाय’ हा परिच्छेद आधी वाचा. विकत न घेता करता येण्यासारखा एकही उपाय त्यात नसेल तर तो अहवाल जाहिरात म्हणून वाचा.

सगळ्यात गुंतागुंतीचा प्रकार शेअर बाजाराचा. एएमडीच्या प्रकरणात कंपनीला कळवून जाहीर करेपर्यंत जेमतेम २४ तास दिले होते. त्रुटी शोधणारी गूगलची टीम प्रोजेक्ट झीरो ९० दिवस देते, अमेरिकेतलं सर्ट समन्वय केंद्र ४५. स्पेक्टर आणि मेल्टडाउन या प्रोसेसरांमधल्या त्रुटी तर चिप कंपन्यांना जून २०१७ मध्ये कळवून जानेवारी २०१८ मध्ये जाहीर झाल्या. शिवाय सीटीएसच्या साइटवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं की ज्या कंपन्यांबद्दल आम्ही अहवाल काढतो त्यांच्या शेअरमध्ये आमचे आर्थिक हितसंबंध असू शकतात. आणि काही तासांत व्हाइसरॉय रिसर्च नावाच्या शॉर्ट सेलरने (शेअर पडला की ज्याचा फायदा होतो त्याने) एएमडीचा शेअर शून्य डॉलरचा आहे असा अहवाल काढला. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी याला शेअरच्या भावाशी खेळ म्हटलं. पण ट्रेल ऑफ बिट्स या स्वतंत्र कंपनीने तपासून त्रुटी खऱ्या असल्याचं सांगितलं, आणि आठवड्याभरात एएमडीने त्या मान्य करून दुरुस्तीचं वेळापत्रक दिलं. हेतू संशयास्पद, त्रुटी खऱ्या, धोका फुगवलेला: तीन वेगळ्या प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं.

त्याआधी, २०१६ च्या ऑगस्टमध्ये, मेडसेक या सुरक्षा कंपनीच्या अहवालातही शेअर बाजार होता. सेंट ज्यूड मेडिकलच्या पेसमेकरमधल्या त्रुटी कंपनीला न सांगता त्यांनी मडी वॉटर्स या शॉर्ट सेलरला दिल्या, आणि शेअर पडला तर मोबदला वाढणार असा करार केला. मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी त्यातला एक दावा करून बघितला. पेसमेकर ‘कोलमडल्याचा’ पुरावा म्हणून जे दाखवलं होतं, तसेच त्रुटीसंदेश पेसमेकरची तार हृदयाला जोडलेली नसली, टेबलावर नुसताच पडलेला असला, तरी दिसतात. मग सगळंच थोतांड? तसंही नाही. जानेवारी २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने) काही त्रुटी खऱ्या असल्याचं सांगितलं, आणि ऑगस्टमध्ये सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी फर्मवेअरचं (आतल्या सॉफ्टवेअरचं) अपडेट काढावं लागलं. हे प्रकरण मी नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम वाचायला देतो, कारण अहवालातला एक मुद्दा पडला म्हणजे बाकीचे पडत नाहीत हे त्यातून चांगलं कळतं.

६. कंपनीचा हेतूही त्याच तराजूत तोला

संशोधकाचा हेतू तपासायचा आणि कंपनीचं निवेदन जसंच्या तसं गिळायचं, म्हणजे आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. ‘हे संशोधक प्रसिद्धीसाठी करतात’ हे वाक्य कंपनीच्या निवेदनात दिसलं तर त्यात तांत्रिक खंडन आहे का ते शोधा. बहुतेक वेळा नसतं.

२००८ मध्ये नेदरलँड्समधल्या रॅडबाउड विद्यापीठाने प्रवासाच्या कार्डांत वापरल्या जाणाऱ्या मायफेअर क्लासिक चिपचं कूटलेखन फोडलं. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी शोधनिबंध थांबवायला कोर्टात गेली. कोर्टाने नकार दिला; निबंध छापून आला. त्याआधी २००५ मध्ये ब्लॅक हॅट या सुरक्षा परिषदेत सिस्को कंपनीच्या राउटरमधल्या त्रुटींवरचं मायकल लिन या संशोधकाचं भाषण रोखण्यासाठी छापील पुस्तकातून पानं फाडून काढली होती. लिन यांनी नोकरीचा राजीनामा दिला आणि भाषण केलंच.

‘बाउंटी’ या शब्दाआडही बरंच काही लपतं. २०१६ मध्ये टॅक्सीसेवा देणाऱ्या उबरकडची ५ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. कंपनीने चोरांना १ लाख डॉलर बाउंटी म्हणून दिले आणि वर्षभर गप्प राहिली. तेव्हाच्या सुरक्षाप्रमुखांना २०२२ मध्ये कोर्टाने दोषी ठरवलं.

७. मेल तुमच्याच दारात आला तर

भीक मागणारे मेल ओळखणं सोपं आहे. तुमच्या डोमेनला डीमार्क (तुमच्या नावाचे बनावट मेल रोखणारी) नोंद नाही, साइटच्या उत्तरात अमुक हेडर नाही, असं एखाद्या मोफत टूलने दिलेलं काहीतरी चिकटवलेलं असतं आणि तुमच्या साइटबद्दल एकही खास वाक्य नसतं. दुसरा प्रकार तपशील सांगण्याआधी पैसे मागणाऱ्यांचा. त्यांना एकच उत्तर: तपशील कळवा, त्याशिवाय मूल्यमापन होणार नाही. आता तिसरा प्रकार आलाय, एआयकडून लिहून घेतलेले अहवाल. भाषा गुळगुळीत, मांडणी झकास, आणि कोडमध्ये अस्तित्वातच नसलेल्या फंक्शनचा हवाला. कर्लचे डॅनियल स्टेनबर्ग २०२४ पासून याबद्दल जाहीरपणे वैतागलेले आहेत. जानेवारी २०२६ मध्ये त्यांनी बाउंटी बंद केली.

पण टाकून देण्याआधी मधला परिच्छेद वाचा. तुमच्या साइटचा नेमका पत्ता, नेमका पॅरामीटर, ‘हे बदला, ते दिसेल’ असं काही असेल तर लिहिणारा कितीही उद्धट असो, करून बघायला दोन मिनिटं लागतात. आणि साइटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी फाइल ठेवा, कुणाला कळवायचं ते तिच्यात लिहा. सपोर्टवाल्यांच्या ढिगात असे मेल हरवतात.

बाउंटी मागणं म्हणजे खंडणी नव्हे. ग्राहकांची माहिती उतरवून घेतली आहे, पैसे दिले नाहीत तर विकतो, अशी भाषा आली की ती खंडणी. मग वकील आणि पोलीस. मेलला मेलने उत्तर देत बसू नका.

८. शंका बोलून दाखवताना

आधी खासगीत विचारा. ‘तुम्हाला पैसे कोणी दिले?’ असं सरळ विचारायलाही हरकत नाही, प्रामाणिक संशोधक सांगतो. पण पहिला प्रश्न तो नसावा. पहिला प्रश्न: कोणत्या आवृत्तीवर, आणि मी करून बघितलं तर काय दिसायला हवं?

जुलै २००८ मध्ये डॅन कमिन्स्की या संशोधकाने डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेत) मोठी त्रुटी असल्याचं सांगितलं. अनेक कंपन्यांनी एकाच दिवशी, ८ जुलैला, पॅच (दुरुस्त्या) काढले, पण तपशील महिनाभर सांगणार नाही असं ते म्हणाले. तपशील नाही म्हणजे नुसता गाजावाजा, अशी शंका काही मुरलेल्या संशोधकांनी जाहीरपणे घेतली. कमिन्स्कींनी त्यांना फोनवर सगळं समजावलं आणि त्यांनी तितक्याच जाहीरपणे शंका मागे घेतली. शंका घेणंही रास्त होतं आणि मागे घेणंही. (त्याच शंकेखोरांपैकी एकाच्या कंपनीकडून २१ जुलैला चुकून तपशील फुटले, हा भाग वेगळा.)

तुमची शंका लेखी नोंदवा, तारखेसकट: काय तपासलं, काय दिसलं, काय कळलं नाही, कशामुळे मत बदलेल. हेतूबद्दलचं मत त्याच कागदावर, पण वेगळ्या ओळीत.

त्या पहिल्या मेलवाल्याला मी नंतर उत्तर लिहिलं. माफी मागितली, पावतीचा प्रकार दुरुस्त केल्याचं कळवलं. तासाभरात त्याचं उत्तर आलं: आभार, पण दुरुस्ती अर्धवट आहे, मोबाइल ॲप ज्या पत्त्यावर जातं तिथे आकडा अजून बदलतो. खाली तो पत्ता. आणि त्याखाली, बक्षिसाचं काय झालं?

या वेळी मी आधी पत्ता उघडून बघितला. बदलत होता.